पडद्यावरील रात्र : कलामहर्षी बाबूराव पेंटर

ऊर्जानगरात वाढलेल्या माणसाला अंधाराची ओळख नसते, असे म्हटले तर ते फारसे खोटे ठरणार नाही. येथल्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला आणि आज या केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॉट आहे. माझे वडील याच केंद्रात नोकरीला आहेत. रात्री आमच्या गच्चीवर उभे राहिले की चिमण्यांच्या टोकांवरचे तांबडे दिवे, कोळशाच्या पट्ट्यांवरचे पिवळे दिवे आणि वसाहतीतल्या रस्त्यांवरचे पांढरे दिवे असे सगळे एकदम डोळ्यांत येते. अंधार सुरू होतो तो भिंतीपलीकडे, ताडोबाकडच्या रानात. तिकडून कधी बिबट्या, कधी वाघ वसाहतीत डोकावून जातो. मग चार दिवस मुलांना संध्याकाळी बाहेर सोडत नाहीत आणि कोपऱ्याकोपऱ्यावर आणखी दिवे लागतात. अशा ठिकाणी राहून मी रात्रीच्या प्रसंगाची प्रकाशयोजना करायला निघाले, हीच मुळी चूक झाली असेल.

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने एक एकांकिका केली. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची झोपडी, वेळ मध्यरात्रीची, घरात धनी मरणाच्या दारी. नेपथ्य आणि प्रकाश ही दोन्ही कामे मी हौसेने मागून घेतली होती. मागे झोपडीचे छायाचित्र छापलेले भले मोठे फ्लेक्स ताणले, मांडववाल्याकडून सोळा दिवे आणले, त्यांना निळे कागद लावले आणि सगळे एकदम सुरू केले. पडदा उघडला. मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने विचारले की या घरी लग्न आहे काय, आणि सारे सभागृह हसले. मरणाचा प्रसंग हशात बुडाला. शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका करणारी माझी मैत्रीण आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

उन्हाळ्यात वडसा देसाईगंजकडे आबाजींच्या घरी गेले तेव्हा ही हकिकत त्यांना सांगितली. आबाजी म्हणजे माझ्या आईचे वडील. झाडीपट्टीतल्या नाटक मंडळ्यांचे पडदे त्यांनी उमेदीची तीस वर्षे रंगविले. राजवाडा, जंगल, रस्ता, झोपडी. सरसात खललेले कोरडे रंग आणि अंगणभर पसरलेले कापड. आता पडदे छापून येतात आणि आबाजींच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि एकच गोष्ट विचारली, की त्या झोपडीत उजेड येत होता कोठून? मला उत्तर देता येईना. फ्लेक्सवरच्या छायाचित्रात भर दुपारचे ऊन होते, झोपडीची सावली डावीकडे पडलेली होती आणि माझे सोळा दिवे सोळा दिशांनी ओतत होते. आबाजींच्या सर्व पडद्यांवर सावली एकाच बाजूला असे. म्हणजे कोणताही पडदा खाली आला तरी सूर्य आपली जागा बदलत नसे. हा धडा आपला नव्हे, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या परंपरेतून फिरत फिरत इकडच्या पडदेवाल्यांपर्यंत आला, असे आबाजी म्हणाले. तो तसाच आला की नाही हे मला सिद्ध करता येणार नाही. परंतु त्या नावाचा मी शोध घेऊ लागले, आणि जे वाचले ते येथे मांडीत आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर. लाकूड, लोखंड, दगड, ज्याला हात लावतील त्याला आकार येई, अशी त्यांची ख्याती. मुलाला चित्रकलेचे रीतसर शिक्षण काही मिळाले नाही. घरात हत्यारे होती, बापाचे हात डोळ्यांसमोर होते, तेवढेच विद्यापीठ. पुढे बाबूराव तैलचित्रे काढू लागले, मूर्ती घडवू लागले, यंत्रे खोलून पुन्हा जोडू लागले. शाहू छत्रपतींच्या आश्रयामुळे त्या वेळी कोल्हापुरात गवई, मल्ल, चित्रकार, नट यांची दाटी होती. आबालाल रहिमान यांच्यासारखा श्रेष्ठ चित्रकार याच गावात राहत होता. हुशार पोराला काय व्हावे असा प्रश्न पडला तर कलावंत व्हावे हे उत्तर जेथे सहज सुचे, अशी गावे आपल्या देशात फार नाहीत.

बाबूरावांचे चुलतभाऊ आनंदराव मेस्त्री हे त्यांचे जोडीदार. दोघे मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. साधारण १९१० ते १९१६ या काळात या दोघा भावांचे पडदे संगीत नाटकांच्या व गुजराती-पारशी कंपन्यांच्या रंगभूमीवर गाजत होते. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठीही त्यांनी पडदे केले. लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडले.

येथे जरा थांबावेसे वाटते, कारण पडदा रंगविणे म्हणजे काय हे आमच्या पिढीला माहीत नाही. दहा-पंधरा हातांच्या सपाट कापडावर लांबच लांब महिरपींची रांग दिसली पाहिजे, खांबाला गोलाई आली पाहिजे. हे सारे नुसत्या रेषांनी होत नाही, सावलीने होते. खांबाची एक कड उजळ ठेवायची, दुसरी काळवंडत न्यायची, म्हणजे सपाट कापड फुगून पुढे येते. म्हणून पडदा रंगविणारा माणूस आधी उजेडाची दिशा ठरवितो आणि मग ब्रश उचलतो. मात्र या कलेचा एक शाप आहे. पडद्यावरची सावली कायमची असते. तिच्यासमोर उभ्या राहिलेल्या नटाची खरी सावली मात्र त्याच्याबरोबर हलते, आणि रंगविलेल्या आकाशावरही जाऊन पडते. नाटकात प्रेक्षक हे चालवून घेतो. त्याने तसा करारच केलेला असतो. कॅमेरा असा कोणताही करार मानीत नाही. पुढे बाबूरावांनी जे केले त्याचे मूळ मला या एका अडचणीत दिसते.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. तो पाहून दोघा भावांना हलत्या चित्रांनी झपाटले. पैसा नव्हता. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रक्षेपण यंत्र मिळविले, चित्रपट दाखविण्याचा उद्योग करून पाहिला, आणि त्या निमित्ताने यंत्राच्या पोटात काय चालते ते समजून घेतले. प्रक्षेपक आणि कॅमेरा ही एका अर्थाने भावंडेच. दोहोंतही फिल्म सरळ धावत नाही. ती एका चौकटीपुरती पुढे सरकते, क्षणभर स्तब्ध उभी राहते, तेवढ्यात झडप उघडून मिटते, की पुन्हा पुढे. मूकपटांच्या दिवसांत हे सेकंदाला साधारण सोळा वेळा घडे, आणि तेही हाताने दांडा फिरवून. फिल्मच्या कडेची भोके केसभर जरी चुकली तरी चित्र थरथरते. असे यंत्र परदेशातून आणायचे तर किंमत भारी, त्यातून महायुद्धाचे दिवस. भावांनी ठरविले की कॅमेरा आपणच घडवायचा.

काम अर्धे झाले असता १९१६ साली आनंदराव वारले. आपल्या जोडीचा अर्धा भाग गेल्यावर माणूस ते काम एक तर टाकून देतो किंवा त्याला वेड्यासारखा चिकटतो. बाबूराव चिकटले. विष्णुपंत दामले या बुद्धिमान साहाय्यकाला बरोबर घेऊन, लेथवर एकेक भाग कातून, घासून, पुन्हा बिघडवून, १९१८ च्या सुमारास त्यांनी तो कॅमेरा पुरा केला. कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरला आज कॅमेऱ्याचा एक स्तंभ उभा आहे, तो याच पराक्रमाची आठवण म्हणून.

कंपनी निघाली, तिचे नाव महाराष्ट्र फिल्म कंपनी. भांडवलाचा प्रश्न सुटला तो गायिका तानीबाई कागलकर यांच्या मदतीने. आपल्याकडच्या चित्रपटाच्या इतिहासात या बाईंचे नाव एका ओळीत येते आणि जाते, हे मला बरे वाटत नाही. शहाण्या सावकारांनी ज्या धंद्याकडे पाहिलेही नसते, त्यात एका गाणाऱ्या स्त्रीने आपला पैसा घातला.

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रगृहात तो झळकला. कथा कीचकवधाची, म्हणजे ज्या कथेवरच्या खाडिलकरांच्या नाटकावर इंग्रज सरकारने १९१० साली बंदी घातली होती तीच. फाळक्यांच्या ‘हरिश्चंद्रा’त तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती, पुढे लवकरच फाळक्यांनी स्त्रिया पडद्यावर आणल्या, तरी घरंदाज समाजाचा नकार काही मऊ झाला नव्हता. बाबूरावांनी स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई अशी त्यांची नावे. पडद्यासाठी त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. भीम कीचकाचा वध करतो तो प्रसंग इतका हुबेहूब उतरला होता की चित्रगृहात बायका घेरी येऊन पडल्या असे सांगतात, आणि पुढे त्या प्रसंगाला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहिला आणि बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या तारखेला लोकमान्य गेले.

आता आबाजींच्या प्रश्नाकडे येते. उजेड येतो कोठून?

त्या काळी चित्रण उघड्यावर किंवा पांढऱ्या कापडाच्या छताखाली होत असे. सूर्य हाच दिवा. ऊन फार कडक झाले तर वरून कापड ओढायचे, चेहऱ्यावर सावली आली तर चकचकीत फळीने ऊन परतवायचे, आणि ढग आला तर काम बंद. मागे बहुधा नाटकासारखाच रंगविलेला पडदा. शिवाय त्या वेळची फिल्म तांबड्या रंगाला आंधळी होती. कुंकू पडद्यावर काळे दिसे, लाल शालू कोळशासारखा येई, निळे आकाश मात्र धुवून टाकल्यासारखे पांढरे होई. रंगांनी सजविलेले दृश्य कॅमेऱ्यासमोर ठेवून भागत नव्हते. कोणता रंग कोणत्या राखाडीत उतरेल हे आधी ओळखावे लागे. चित्रकाराला याचा अंदाज लवकर येतो. कोळशाने रेखाटन करणारा माणूस जग राखाडीत पाहायला शिकलेलाच असतो.

बाबूरावांनी पडदा काढून टाकला. ज्याचे नाव पडद्यांवर झाले त्यानेच पडदा काढला, यातली गंमत मला फार आवडते. त्याऐवजी त्यांनी लाकूड, कापड, माती, गिलावा यांचे उभे-आडवे, खोली असलेले देखावे बांधले. दाराच्या मागे खरोखरच एक दालन, खांबाच्या मागे खरोखरच पोकळी. असा देखावा उजेड पकडतो. दिवा किंवा आरसा डावीकडे नेला की खांबाची सावली उजवीकडे सरकते, माणूस चालत त्या सावलीत शिरला तर तोही काळा होतो. रंगविलेल्या खांबाजवळ हे कधी होणार नाही. मी फ्लेक्स टांगून याच्या नेमके उलट केले होते. शंभर वर्षांपूर्वी जे टाकून दिले गेले तेच मी सभागृहाच्या मागच्या भिंतीवर हौसेने ताणले. असो.

चित्रणाआधी बाबूराव प्रसंगांची रेखाटने करीत. पात्राचा वेष कसा, दागिना कोणता, उभे कोठे राहायचे, वळायचे कसे, हे कागदावर ठरे आणि मग कंपनीतली माणसे कामाला लागत. एस. फत्तेलाल हे त्यांचे शिष्य देखावे आणि चित्रकामात तरबेज झाले, दामले यांत्रिक बाजूत. व्ही. शांताराम नावाचा एक पोरगा १९२० साली आपला मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्या ओळखीने कंपनीत शिरला, पडेल ते काम करू लागला, आणि १९२१ च्या ‘सुरेखाहरण’मध्ये प्रथम पडद्यावर दिसला. झाडू मारण्यापासून फिल्म धुण्यापर्यंत सर्वांनी सर्व करायचे हा तेथला शिरस्ता होता. नट म्हणून कोणी केवळ नट नव्हता.

मग १९२३ साली ‘सिंहगड’ आला. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरचा. तानाजी कोंढाण्यावर चढतो ती रात्र, माघ वद्य नवमी, ४ फेब्रुवारी १६७०. रात्र काढून टाकली तर या कथेत उरते काय? दोर लावून चढणारी माणसे दिवसाउजेडी दाखविली तर गडावरचे पहारेकरी आंधळे होते असे म्हणावे लागेल. तोपर्यंत रात्र दाखवायची सर्वमान्य युक्ती एकच होती : प्रसंग उन्हात चित्रित करायचा आणि प्रत तयार झाल्यावर ती फिल्म निळ्या रंगात बुडवायची. प्रेक्षकाने निळे दिसले की रात्र समजायची. (माझे निळे कागद येथे वाचकांना आठवतील.) बाबूरावांचे यावर समाधान झाले नाही. त्यांनी लढाईचे प्रसंग खरोखर अंधारात, विजेच्या कृत्रिम दिव्यांच्या उजेडात घेतले. भारतीय चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा असा वापर प्रथम केल्याचा मान याच चित्रपटाला देतात.

हे दिवे म्हणजे आजच्यासारखे बटण दाबले की लागणारे नव्हेत. त्या काळी जगभर चित्रणासाठी कार्बनच्या कांड्यांचे दिवे वापरीत. दोन कांड्यांची टोके जवळ आणली की मधल्या फटीत प्रखर, निळसर पांढरी ज्योत पेटते. ती फुत्कारते, धूर सोडते, कांड्या झिजतात तशा त्या पुढे सारीत राहावे लागते, आणि जवळ उभ्या असलेल्या नटांचे डोळे दुसऱ्या दिवशी सुजतात. पण निळ्या उजेडाला ती तांबड्याला आंधळी असणारी फिल्म चांगली दाद देई, साध्या पिवळट बल्बला देत नसे. वडिलांना हे सांगितले तेव्हा त्यांनी लगेच कागदावर हिशोब मांडला की असा एकेक दिवा किती वीज ओढत असेल. १९२३ सालच्या कोल्हापुरात तेवढी वीज जमविणे हीसुद्धा एक लढाईच असली पाहिजे, असे त्यांचे मत पडले. ते ज्या खात्यात आहेत त्यावरून त्यांचे म्हणणे मानायला हरकत नाही.

माझ्या मनाला भावते ते वेगळे. अंधारात दिवा लावणे कोणालाही जमेल. बाबूरावांनी दिवा लावून अंधार दाखविला. चांदणे एका बाजूने येते, ते खडकाची कड उजळते आणि खडकाची कूस तशीच ठेवते. तलवारीचे पाते चमकते, हात दिसत नाही. कोठे उजेड टाकायचा नाही हे ज्याला ठरविता येते त्यालाच रात्र रंगविता येते, आणि हे ठरविण्याचे शिक्षण त्यांना खांबाची काळी कड रंगविताना मिळालेले होते. ‘सिंहगड’ पाहायला एवढी गर्दी लोटली की सरकारला करमणूक कर बसविण्याची बुद्धी तेव्हाच झाली, असे चित्रपटाच्या इतिहासात सांगतात.

जाहिरातीचीही त्यांना जाण होती. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका त्यांनी काढल्या, भित्तिचित्रे स्वतः रंगविली. १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’चे त्यांचे भित्तिचित्र हे भारतीय चित्रपटाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने भित्तिचित्र मानले जाते. चित्रपट नाहीसा झाला, जाहिरात राहिली.

१९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ केला. पुराण नाही, इतिहास नाही. नारायण हरी आपटे यांची कथा, एक शेतकरी, एक सावकार, खोटे कागद, गेलेली जमीन, आणि मग पोटासाठी गिरणीच्या शहराची वाट. शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम, सावकार झुंझारराव पवार. देवांच्या मुकुटांनी आणि मावळ्यांच्या पगड्यांनी भरलेल्या पडद्यावर प्रथमच फाटके धोतर आले. याच कथेवर पुढे त्यांनी केलेल्या बोलपटातल्या एका दृश्याची आठवण जे. बी. एच. वाडिया यांच्यासारख्या नामांकित निर्मात्याने अनेक वर्षांनी लिहून ठेवली. एक भकास झोपडी, जवळजवळ सगळी काळोखात, आणि एक कुत्रा विव्हळतो आहे. 

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. कर्जबाजारी शेतकऱ्याची झोपडी, मध्यरात्र. तोच प्रसंग. त्यांनी तो केला बहुतेक भाग काळा ठेवून. मी सोळा दिवे लावून केला. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे कर्ज काय असते आणि जमीन जाणे काय असते हे कोणाला शिकवावे लागत नाही. ज्यांच्या घरी ते घडले आहे अशी मुले त्या सभागृहात हसणाऱ्यांतही बसलेली होती. त्यांना मी हसायला लावले होते.

‘सावकारी पाश’ चालला नाही. लोकांना दिवसभर जे सोसावे लागते तेच रात्री पैसे देऊन पाहावेसे वाटले नसेल. बाबूराव पुन्हा पुराणांकडे वळले. ‘भक्त प्रल्हाद’, ‘मुरलीवाला’ असे चित्रपट झाले, परंतु कंपनीतला जोर ओसरत चालला होता. बाबूरावांचा स्वभाव अबोल आणि काम संथ. मनासारखे उतरेपर्यंत ते पुढे सरकत नसत. कलावंताला हा गुण शोभतो, पगार वाटणाऱ्या मालकाला परवडत नाही. शिष्य मात्र तरुण होते, त्यांना घाई होती. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. ज्या हातांना बाबूरावांनी घडविले ते सारे हात एकदम गेले. या फुटीबद्दल दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यात न्यायाधीश व्हायचे नाही. गुरूच्या अंगणात कायम राहिले असते तर ‘संत तुकाराम’ झाला नसता, हे खरे. आणि ‘अमृतमंथन’मधला तो राजगुरूचा पडदाभर डोळा, ‘तुकाराम’मधले ते देहूचे साधे मातीचे घर, यांच्यामागे महाराष्ट्र फिल्म कंपनीचे अंगण आहे, हेही तितकेच खरे.

पुढचे थोडक्यात सांगते. बोलपट आला, महाराष्ट्र फिल्म कंपनी मिटली. बाबूरावांनी शालिनी सिनेटोनसाठी १९३५ साली ‘उषा’ केला, १९३६ साली ‘सावकारी पाश’ पुन्हा, या वेळी बोलता, आणि १९३७ साली ‘प्रतिभा’.  मधल्या वर्षांत ते ब्रश आणि माती यांच्याकडे परतले. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’च्या वेळी शांतारामांनी आपल्या जुन्या गुरूला राजकमलमध्ये बोलावून दिग्दर्शन सोपविले. त्यानंतरही थोडे काम झाले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात बाबूराव वारले.

त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक नाहीसे झाले आहेत. त्या काळची फिल्म ज्वालाग्राही होती, ठिणगीने पेट घेई, नुसती पडून राहिली तरी कुजून जाई. चांदी काढण्यासाठीही कितीतरी फिल्म वितळविली गेली. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, बाबूरावांना जाऊन दहा वर्षे झाल्यावर. ‘सावकारी पाश’ मूकपटाला २०२५ साली शंभर वर्षे झाली, पण पाहायला तो नाही. म्हणजे हा सारा लेख मी न पाहिलेल्या उजेडाबद्दल लिहिला आहे. ती झोपडी मला वाडियांच्या आठवणीतून दिसते, जसे आबाजींचे पडदे मला आईच्या आठवणीतून दिसतात. त्या पडद्यांपैकी एकच उरला आहे. घडीवर घडी घालून तो माळ्यावर ठेवला होता, उंदरांनी त्याचा राजवाडा अर्धा खाल्ला.

या वर्षी आमच्या वर्गाने तीच एकांकिका पुन्हा करायचे ठरविले. मैत्रीण आधी तयार नव्हती. मी तिला झोपडी दाखविली तेव्हा झाली. फ्लेक्स आणले नाही. आबाजींच्या गावाहून बांबूचे तट्टे आणले, त्यांना माती आणि शेण लिंपले, भिंतीला एक खरे भोक ठेवले. एक दिवा त्या भोकाबाहेर, चांदण्यासाठी. दुसरा कंदिलाच्या मागे लपविलेला. बाकीचे चौदा मांडववाल्याला परत केले, तो पैसे कापील या भीतीने मी आधीच हिशोब करून ठेवला होता. वडिलांना हसू आवरेना. शेजारी २९२० मेगावॉट असता मुलगी दोन दिव्यांवर संसार करते, असे ते वसाहतीत सगळ्यांना सांगत सुटले.

आबाजींना पहिल्या रांगेत बसविले होते. पडदा पडल्यावर त्यांनी मला जवळ बोलाविले आणि विचारले, की सावकार दारात नेमका केव्हा येऊन उभा राहिला? त्यांना तो आवाज येईपर्यंत दिसलाच नव्हता. मोतीबिंदूमुळे असेल असे त्यांना वाटले. मी सांगितले की तो पहिल्यापासून तेथेच उभा होता, भिंतीच्या काळ्या बाजूला, आणि कोणालाच दिसला नाही.